बाबा दोन्ही गटांत

साठीच्या पुढचा, शुगर नसलेला, बीपी नसलेला, तंबाखू-सिगारेटच्या वाटेला न गेलेला आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत साधी सर्दीही न झालेला माणूस नौपाड्यात शोधून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. त्या वर्षी मी हेच करत होते. डोंबिवलीहून माहेरी आले की जिन्यात भेटेल त्या काकांना गाठायची आणि विचारायची, "काका, तुम्हाला शुगर आहे का हो?" काका अभिमानाने सांगायचे, "आहे की! पण एकदम कंट्रोलमध्ये." काकूंना विचारावं तर त्यांची थायरॉइडची गोळी चालू. आईच्या भजनी मंडळात एक आजी सगळ्या अटींत बसल्या, पण सुई म्हटल्यावर त्या पुढच्या आठवड्यापासून भजनाला यायच्याच बंद झाल्या.

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. लग्न, मुलगी, तिची दहावी-बारावी या सगळ्यात पीएच.डी. राहून गेली होती, ती पंचेचाळिशी ओलांडल्यावर हातात घेतली. विषय होता विषाणूमुळे छातीत संसर्ग झालेल्या रुग्णांमधला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. रुग्णांचं रक्त मिळत होतं, कारण आमच्या हॉस्पिटलात फ्लू आणि व्हायरल न्यूमोनियाचे पेशंट पावसाळ्यापासून थंडीपर्यंत येतच असतात. अडलं होतं ते तुलनेसाठी लागणाऱ्या निरोगी माणसांपाशी. तरुण मुलं हवी तेवढी मिळाली. म्हातारी, तरीही निरोगी अशी माणसं मिळेनात.

'स्ट्रेस' या शब्दानेही घोटाळा केला होता. आईला वाटायचं मी लोकांचं टेन्शन मोजते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "माझंच घे गं रक्त, सून आल्यापासून स्ट्रेसच स्ट्रेस आहे." मग मी त्यांना बसवून समजावलं. शरीरात विषाणू शिरला की आपल्या पांढऱ्या पेशी त्याला मारायला धावतात, आणि मारण्यासाठी ऑक्सिजनपासूनच बनलेले काही अस्थिर, तिखट रेणू सोडतात. त्याने संसर्ग आटोक्यात यायला मदत होते, पण शेजारी असलेल्या आपल्याच चांगल्या पेशींनाही चटके बसतात. ते चटके सोसायला शरीराने स्वतःजवळ काही साठा ठेवलेला असतो. चटके वाढले आणि साठा पुरेना, की झाला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तेच की. सून आल्यापासून."

माझे बाबा त्या वेळी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "चटके बसतात म्हणजे नक्की काय होतं? पेशीच्या आवरणातल्या फॅटी ॲसिडचं ऑक्सिडेशन?"

"हो बाबा."

"अनसॅच्युरेटेड?"

"हो."

"अगं, मग हे आमचंच काम झालं की!"

बाबा कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. आता तो कारखाना नाही, तिथे मोठमोठे टॉवर आहेत. पण ऑइल पेंट कसा वाळतो हे बाबांना आजही कुणी विचारलं तर ते चहा गार होईपर्यंत सांगतात. जवसाच्या तेलातला रंग पाणी उडून जातं तसा वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं. तीच क्रिया डबा बंद असतानाही थोडी थोडी चालू राहिली तर रंगावर दुधासारखी साय धरते. गिऱ्हाईक डबा उघडतं आणि तक्रार करतं. म्हणून साय धरू नये यासाठी एक रसायन घालावं लागतं. आमच्या घरी कुणाच्या दुधावर जाड साय आली की बाबांना त्या रसायनाची आठवण व्हायचीच.

"मला ना शुगर, ना बीपी," ते म्हणाले. "माझं घे रक्त."

मला हे आधी का सुचलं नव्हतं कोण जाणे. बहुधा आपल्या वडिलांकडे आपण 'साठीच्या पुढचा पुरुष' म्हणून बघत नाही. माझ्या गाइड मॅडमना विचारलं. त्यांनी बाबांच्या जुन्या नोकरीची चौकशी केली, निवृत्तीला बरीच वर्षं झालीत म्हटल्यावर हरकत घेतली नाही. बाबा ठरल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, रिकाम्या पोटी, कॉलेजात हजर झाले. रक्त दिल्यावर त्यांनी आमची लॅब पाहिली. सेंट्रिफ्यूज फिरताना त्यावर हात ठेवून उभे राहिले, घरी मिक्सरवर ठेवतात तसा. निघताना मला हळूच म्हणाले, "मी कुठल्या गटात?"

"निरोगी गटात."

ते ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते. भाजीवाल्यालासुद्धा.

त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी कल्याणला आईच्या भाच्याच्या मुलाचं रिसेप्शन होतं. एसी हॉल, प्रचंड गर्दी, बुफेची रांग. आमच्या टेबलावरचे एक मामा सारखे खोकत होते आणि "काही नाही, ॲलर्जी आहे" म्हणत होते. त्यानंतर दोन दिवसांत आईला नुसती कणकण आली आणि गेली. बाबांना ताप आला आणि तो उतरेना. फॅमिली डॉक्टरांनी फ्लूचं औषध सुरू केलं, छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. कोविडच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आईने कपाटातून शोधून काढलं, सेल बदलले. बाबा बसलेले असताना आकडा ठीक यायचा. मी म्हटलं, "बाबा, जरा पॅसेजमध्ये चालून या." ते चालून आले आणि आकडा नव्वदच्या खाली गेला. मी तो आईला दाखवला नाही. बॅग भरायला घेतली तेव्हा ती स्वतःहून बाबांचा टॉवेल आणि दाढीचं सामान घेऊन आली.

माझा धाकटा भाऊ कोलशेतला राहतो. तो गाडी घेऊन आला आणि आल्या आल्या त्याने एका मोठ्या खासगी हॉस्पिटलचं नाव घेतलं. "ताई, माझ्या ऑफिसचा मेडिक्लेम आहे. सरकारी कशाला?"

बाबा सोफ्यावर बसून बूट घालत होते. त्यांना वाकून नाडी बांधता येत नव्हती, म्हणून भावाने खाली बसून ती बांधली. बाबा म्हणाले, "तिच्या इथे मला सगळे ओळखतात." श्वास लागल्यामुळे वाक्य दोन तुकड्यांत आलं. भावाने बॅग उचलली.

वॉर्डमध्ये बाबांना नाकातून ऑक्सिजन लावला. नंतर त्याने भागेना, तेव्हा मास्क आला. मेडिसिनच्या युनिटमध्ये एक तरुण रेसिडेंट डॉक्टर होती. कधीकाळी पहिल्या वर्षाला माझ्या वर्गात बसलेली, आणि आता मीच तिच्या तोंडाकडे बघत उभी. तिने एक्स-रे दिव्यापुढे धरून दाखवला. दोन्ही फुप्फुसांत खालच्या बाजूला पांढरट धुकं होतं. "मॅम, न्यूमोनिया आहे. पण आपण वेळेत आलोय," ती म्हणाली. तिच्या 'आपण'ने मला फार बरं वाटलं.

मी मॅडमकडे गेले आणि सांगितलं की माझ्या निरोगी गटातला एक माणूस आता ॲडमिट आहे आणि तो माझा बाप आहे. मॅडमनी मला बसायला सांगितलं. चहा मागवला. मग म्हणाल्या, "सॅम्पलचं आत्ता डोक्यातून काढून टाक."

पण बाबांनीच ते काढू दिलं नाही. मास्कच्या आतून त्यांनी पहिला प्रश्न केला तो हाच. "आता मी दुसऱ्या गटात ना?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बरे व्हा आधी." त्यांनी हात हलवला. त्यांचा हा हात मला ठाऊक होता. लहानपणी आम्ही भावंडं मुद्दा सोडून बोलायला लागलो की तो असाच हलायचा. "आजारपण तर आलंच आहे," ते म्हणाले. "ते वाया कशाला घालवायचं?"

मॅडम स्वतः त्यांना भेटून आल्या, सगळं समजावून त्यांची रीतसर संमती घेतली आणि मला म्हणाल्या, "घेऊ त्यांचं. शेवटी हिशेबात त्यांना कुठल्या तरी एकाच गटात ठेवायचं, ते स्टॅटिस्टिक्सवाल्यांना विचारू. पण रक्त तू काढायचं नाहीस. आणि बाटलीवर कुठला नंबर आहे, हेही तुला कळणार नाही." तो नियम तसा सगळ्याच नमुन्यांना होता. आमची एक ज्युनिअर नंबर घालायची आणि मी फक्त नंबर घातलेल्या नळ्यांवर काम करायची. तोवर त्या नियमाचं मला कधी ओझं झालं नव्हतं.

दोन दिवस बाबा तसेच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. आवाज चढलेला. "ती मुलगी ऑक्सिजन कमी करून गेली गं! तू ये आधी."

मी वॉर्डमध्ये गेले. आई बाबांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसली होती आणि मॉनिटरकडे असं बघत होती, जणू तिने नजर काढली तर आकडा पडेल. आकडा चौऱ्याण्णव होता. मी म्हटलं, "आई, चांगला आहे हा."

"काल शंभर होता."

"शंभर नको असतो."

"नको कसा असेल? ऑक्सिजन कुणाला नको असतो?"

तिचं चुकत नव्हतं. बाहेर कुणालाही विचारलं तर हेच म्हणेल. मी तिला सांगितलं की फुप्फुसं आधीच सुजलेली आहेत, त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन पुरवत राहिलं तर ते तिखट रेणू आणखी तयार होतात आणि सूज वाढू शकते. म्हणून लागेल तेवढाच द्यायचा आणि जमेल तसा कमी करत आणायचा. डॉक्टरने तेच केलं होतं. आईने ऐकलं. बाबांच्या पांघरुणाची घडी सारखी केली. मग म्हणाली, "तुझं खरंच असेल. पण मला मेलीला बघवत नाही." आणि तिने मॉनिटरकडे पाठ करून स्टूल फिरवून घेतलं. त्यानंतर ती बाबांच्या तोंडाकडे बघत बसायची. मला वाटतं, तेच बरोबर होतं.

त्याच संध्याकाळी बाबांचा ताप पुन्हा चढला आणि कमी केलेला ऑक्सिजन परत वाढवावा लागला. भाऊ ऑफिसातून थेट आला होता. त्याने मला जिन्यापाशी बोलावलं. हातात मोबाइल होता.

"ताई, ग्लुटाथायोन म्हणजे तू मोजतेस तेच ना?"

"हो."

"शरीराचा तो साठा का काय म्हणतेस, तो?"

"त्यातलाच एक भाग."

"त्याचं इंजेक्शन मिळतं. माझ्या मित्राचा मेहुणा क्लिनिक चालवतो, स्किनचं. तो म्हणतो कोविडमध्ये पण दिलेलं. उद्या सकाळी आणून देतो. तू फक्त डॉक्टरला सांग."

मी त्याला सांगितलं की असं नाही देता येत. त्या साठ्यात आजारात घट होते हे आम्ही मोजून दाखवू शकतो. पण बाहेरून भरल्याने माणूस लवकर बरा होतो, असं कुणी नीट सिद्ध केलेलं नाही. व्हिटॅमिन सीचे मोठमोठे डोस देऊन पाहिले, आणखी काय काय देऊन पाहिलं, खात्रीने सांगावं असं हाती लागलं नाही. बाबांना जे औषध चालू आहे ते योग्य आहे. वॉर्डात बसून प्रयोग करायचे नाहीत.

त्याने मोबाइल खिशात ठेवला. "म्हणजे कमी आहे हे तुम्हाला कळतं, पण द्यायचं काय ते कळत नाही."

"हो."

"मग इतकी वर्षं करताय काय तुम्ही?"

तो ओरडला नाही. शांतपणेच विचारलं त्याने. आधी नीट मोजावं लागतं, मग कशाने फरक पडतो ते पाहता येतं, या कामात संशोधकांची आयुष्यं जातात, असं बरंच काही सांगता आलं असतं. पण जिन्यात उभ्या असलेल्या, वडिलांच्या खोकल्याचा आवाज ऐकू येत असलेल्या माणसाला ते काय सांगायचं? मी म्हटलं, "डॉक्टरशी बोल. माझ्यावर नको विश्वास ठेवूस, तिला विचार."

त्याने खरंच विचारलं. रेसिडेंटने आणि तिच्या सरांनी त्याला नकारच दिला, पण वेळ देऊन, नीट बसवून. तो खाटेपाशी परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. बाबांनी त्याला खुणेने जवळ बोलावलं. त्यांचा खोकला जिन्यापर्यंत येत होता, तसं आमचं बोलणंही आत ऐकू गेलं असणार. ते थांबत थांबत म्हणाले, "आमच्याकडे एकदा एकाने ते रसायन जास्त घातलं. साय धरू नये म्हणतात ते. चांगल्यासाठीच घातलं बिचाऱ्याने. आख्खी बॅच वाळेचना. लोकांच्या खिडक्या चिकटून बसल्या."

भावाला हसू आलं आणि ते लपवायला त्याने तोंड फिरवलं. "बाबा, तुम्ही रंगाचा डबा आहात का?"

"नाही रे," बाबा म्हणाले. "पण तू घाई करू नकोस."

शास्त्र म्हणून याला काही अर्थ नाही, हे मलाही कळतं आणि बाबांनाही कळत होतं. माणसाचं शरीर डब्यासारखं वागत नाही. पण भावाचा राग तिथे उतरला. त्या दिवशी बाबांना चमच्याने पेज त्यानेच भरवली. मास्क बाजूला करायचा, एक चमचा द्यायचा, मास्क परत लावायचा, आकडा बघायचा, मग पुढचा चमचा. ऑफिसच्या कपड्यांवर पेज सांडली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे नमुन्यांची एक बॅच तपासायची होती, त्यात बाबांचंही रक्त होतं. मॅडम म्हणाल्या, "राहू दे, पुढे ढकलू." मला मात्र काहीतरी करायला हवं होतं. वॉर्डमध्ये बसून मी आईसारखी शांत राहू शकत नव्हते.

ही तपासणी अगदी जुनी आणि साधी आहे. रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, त्यात ठरलेली रसायनं घालायची आणि नळ्या उकळत्या पाण्यात धरायच्या. चटके बसून पेशींच्या चरबीचे जे तुकडे पडलेले असतात, त्यांच्यामुळे गुलाबी रंग येतो. जितकं नुकसान जास्त, तितका रंग गडद. मग यंत्रात घालून तो रंग मोजायचा. लॅबमध्ये दुपारचं ऊन आलं होतं. वॉटर बाथवरच्या वाफेने माझा चष्मा सारखा धुरकट होत होता. मी नळ्या काढल्या, गार केल्या आणि रॅकमध्ये ओळीने लावल्या.

इतके दिवस मी या रंगाकडे आकडा म्हणूनच पाहिलं होतं. त्या दिवशी प्रत्येक नळीत एक माणूस आहे हे पहिल्यांदा लक्षात आलं, कारण त्यातला एक माणूस माझा होता. काही नळ्या अगदी फिकट होत्या, पांढऱ्या कपड्याला धुताना लाल कपड्याचा रंग लागावा तशा. काही त्याहून गडद. आणि एक नळी, बीटाच्या कोशिंबिरीत दही कालवल्यावर जो रंग येतो ना, तशी. बाकी सगळ्यांत उठून दिसणारी.

हेच बाबा, असं माझ्या मनाने घेतलं.

ज्युनिअर पलीकडच्या टेबलावर पिपेट धूत होती. मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी विचारलं नाही. फार मोठा निर्धार केला असं काही नव्हतं. विचारून करणार काय, एवढाच प्रश्न होता. गडद रंग त्यांचाच निघाला असता, तरी वॉर्डमधलं औषध तेच राहिलं असतं, मास्क तोच राहिला असता. मी नळ्या एकेक करून यंत्रात घातल्या आणि आकडे उतरवले. त्या नळीचं माप मी परत एकदा घेतलं. तेवढंच आलं. मग तोंड धुऊन वॉर्डात गेले, तर बाबा उशीला टेकून बसले होते आणि आईला सांगत होते की पेजेत मीठ कमी आहे. आईने माझ्याकडे बघून डोळे पुसले. आजारी माणसाने चवीबद्दल तक्रार केली की तो बरा होतोय, हे बाई ओळखते.

तिथून पुढे ते हळूहळू सुधारले. मास्क जाऊन नाकातली नळी आली, नळी कधी काढायचे, कधी लावायचे, मग काढलीच. घरी गेले तेव्हा वजन उतरलेलं, दाढी पांढरी, आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. प्रत्येक जिन्यावर खुर्ची ठेवून शेजाऱ्यांनी त्यांना वर नेलं. सुनेमुळे स्ट्रेस असलेल्या त्या काकूंच्या सुनेनेच मधल्या मजल्यावर लिंबाचं सरबत आणून दिलं.

नंबर उघडण्याची वेळ बऱ्याच महिन्यांनी आली, सगळे नमुने जमल्यावर. मॅडमच्या केबिनमध्ये ज्युनिअरने कॉम्प्युटरवर दोन्ही तक्ते जुळवले. ती गडद नळी बाबांची नव्हती. बाबांची मधलीच कुठलीतरी होती, त्यांच्या स्वतःच्या निरोगी नमुन्याहून गडद, पण उठून दिसेल अशी नाही. गडद नळी होती आंबिवलीच्या एका बाईंची.

त्या बाई मला आठवत होत्या. पन्नाशीच्या, घरची शेती आणि भाजीचा धंदा असलेल्या. ॲडमिट असूनही सगळ्या वॉर्डात त्यांचाच आवाज. शेजारच्या खाटेवरच्या मुलीची वेणी घालून द्यायच्या. मी संमती घ्यायला गेले तेव्हा म्हणाल्या होत्या, "घे बाय, रगत लई हाय माझ्याकं. पन मला काय नाय झालेलं, उगाच आणलाय पोरांनी." चार-पाच दिवसांत त्या घरीही गेल्या होत्या. आणि बाबांसारखा माणूस, ज्याला श्वासासाठी झगडावं लागलं, त्याची नळी साधारण गुलाबी. आमच्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढली तर हिशेब व्यवस्थित जुळत होता, आजारी गट निरोगी गटाहून स्पष्ट वेगळा दिसत होता. पण एकेक माणूस घेतला की तो असा हातातून निसटायचा. मॅडम म्हणाल्या, "हेही लिही प्रबंधात. लपवू नकोस." मी लिहिलं. बाबांना शेवटी आजारी गटात ठेवलं. त्यांचा निरोगी नमुना हिशेबातून काढला. हे कळल्यावर ते थोडे नाराज झाले.

आजारी गटातल्या प्रत्येकाचं काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं होतं, त्याप्रमाणे आंबिवलीच्या बाई नंबर उघडण्याच्या आधीच येऊन गेल्या होत्या. तेव्हा मला त्यांचा नंबर माहीत नव्हता, म्हणून मी नेहमीसारखं विचारलं, "बऱ्या आहात ना?" त्या पहिल्यांदाच जरा थांबून बोलल्या. "बरी हाय. पन दुपारी पाटी उचलली की हात-पाय गळतात. घरच्यांना सांगितलं तर हसतात. म्हनतात, तुला कुठं काय झालेलं?" मी त्यांना मेडिसिनच्या ओपीडीत घेऊन गेले, तपासण्या करवल्या. धोक्याचं काही नव्हतं. डॉक्टरांनी त्यांच्या मुलासमोर सांगितलं की आजार खरा होता आणि थकवाही खरा आहे, काही महिने जड उचलायचं नाही. बाई मुलाकडे बघून म्हणाल्या, "आयकलंस?" नंतर नंबर उघडल्यावर मला त्या एका शब्दाची फार आठवण आली. त्यांच्या दुसऱ्या नमुन्याचा रंग बराच फिकट झाला होता, पुरता नाही.

बाबांचा थकवाही लवकर गेला नाही. जिना त्यांना झेपेना. नौपाडा सोडायचं म्हटल्यावर आईने चार दिवस अबोला धरला. तिचा भाजीवाला, तिचं मंडळ, तिची गिरणी, सगळं पायाखालच्या वाटेवर होतं. शेवटी भावानेच एक तोड काढली, की घर विकायचं नाही, नुसतं कुलूप लावायचं, वर्षभर कोलशेतला राहून बघायचं. त्याच्या टॉवरला लिफ्ट आहे आणि खाली चालायला सपाट जागा.

मागच्या रविवारी मी मुलीला घेऊन तिकडे गेले होते. आई स्वयंपाकघरात वहिनीला सांगत होती की इथे कोथिंबीर पिशवीत बांधून मिळते, तिला वासच नसतो. मी बाल्कनीत उभी होते. खाली बाबा चालत होते, हात मागे बांधून, अगदी सावकाश. भाऊ त्यांच्या बाजूने चालत होता. त्याला तसं हळू चालायची सवय नाही, म्हणून दर थोड्या वेळाने तो पुढे जायचा, त्याच्या लक्षात यायचं, आणि तो थांबून काहीतरी बघत असल्यासारखं करायचा. बाबा येऊन मिळाले की दोघं पुन्हा चालायला लागायचे. मुलगी म्हणाली, "आई, चहा झालाय, हाक मारू का त्यांना?"

"नको," मी म्हटलं. "येतील ते."